हितसंबंध जाहीर करताना

अक्कलदाढ काढून झाल्यावर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या गालात कापसाचा मोठा बोळा कोंबला आणि बजावलं, "अर्धा तास तोंड उघडायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

ही शिक्षा कुणाला, तर जी झोपेतही बोलते असं तिची आई चारचौघांत सांगते, तिला. मी मुकाट्याने बाहेरच्या बाकावर येऊन बसले. पावसाची भुरभुर चालली होती. दारापाशी उघड्या ठेवलेल्या छत्र्यांचं पाणी फरशीवरून वाट काढत माझ्या चपलेपर्यंत आलं होतं. टेबलामागच्या मुलीने विचारलं, "टाके काढायला सकाळी याल की संध्याकाळी?"

मी हाताने सूर्य बुडवून दाखवला. तिला वाटलं मला भोवळ येतेय. तिने पाणी आणून दिलं. मी पुन्हा सूर्य बुडवला, या वेळी जरा सावकाश. तिने पंखा वाढवला.

"त्यांना संध्याकाळी यायचंय," बाजूने आवाज आला. "ऑफिस सुटल्यावर."

मी वळून पाहिलं. शेजारच्या बाकावर एका म्हाताऱ्या गृहस्थांसोबत तो बसला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस पावसाने ओले, आणि हसला तेव्हा डाव्या गालावर एक खळी... अशी, की नजर आपोआप तिथे जाऊन अडकावी. मी आभार मानायला हात जोडले. तर तो माझ्याशी हातांनीच बोलायला लागला. भुवया उंच, बोटं झरझर, आणि डोळे थेट माझ्या डोळ्यांत. इतकं नीट माझ्याकडे कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

मला एक अक्षर कळलं नाही. पण बधिर झालेली जीभ आणि समोर ती खळी... मी मान डोलावली. त्याने आणखी काही विचारलं. मी पुन्हा डोलावली. मग तिसरं काहीतरी, जरा थांबून, जरा अडखळत. बोटंही अडखळतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिसऱ्यांदा डोलावली. म्हातारे गृहस्थ गालातल्या गालात हसले. तेवढ्यात माझी गाडी आली आणि मी दोघांना एकगठ्ठा नमस्कार करून निघून गेले.

माझी नोकरी नक्की कसली, हे आमच्या घरात अजून कुणाला नीट समजलेलं नाही. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागात मी काम करते. कंपनीला नफा झाला की त्यातला काही भाग लोकांच्या कामी लावायचा असतो. तो कुठे लावायचा, कसा, आणि त्यातून नंतरही टिकेल असं काही उभं राहिलं का, हे पाहायचं माझं काम. स्थळं आली की माझी आई "कंपनीत चांगल्या पदावर आहे" एवढंच सांगून पुढचा प्रश्न टाळते. बाबा म्हणतात, "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. आणि वर त्याचा पगार."

त्या वर्षी कंपनीने ठरवलं होतं की ऐकू न येणाऱ्यांना कानाची यंत्रं वाटायची. बॅनर छापून आला होता. फक्त यंत्रं घेणारी माणसं मिळायची बाकी होती. आमच्या विभागाच्या मॅडम पूर्वी हिशेबखात्यात होत्या. कुठलीही गोष्ट खरेदी करण्याआधी ती कुणी मागितली आहे हे पाहायची त्यांची जुनी खोड. त्यांनी बॅनर गुंडाळून कपाटामागे उभा केला आणि मला म्हणाल्या, "आधी जाऊन त्यांना विचारून ये."

कर्णबधिरांचं केंद्र एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. दारावरची घंटा दाबली तर आवाज आला नाही. आतले दिवे उघडझाप झाले. दार उघडलं आणि समोर खळी.

त्याने मला पाहिलं, चेहरा उजळला, आणि हात सुरू झाले.

"नमस्कार," मी म्हणाले. "पंपाच्या कंपनीतून आलेय. काल फोन केला होता."

त्याचे हात हवेतच राहिले. "तुम्ही बोलता?"

"लोकांच्या मते जरा जास्तच."

"मग त्या दिवशी..."

"अक्कलदाढ."

त्याने हात खाली घेतले. मग म्हणाला, "आणि मी जे विचारलं, त्याला हो म्हणालात ते?"

"काय विचारलं होतंत?"

"जाऊ दे."

"असं कसं. मी कशाकशाला होकार दिलाय ते मला कळायला नको?"

त्याने बोटं मोडली, मग कानाची पाळी चोळली. "पहिल्यांदा विचारलं, फार दुखतंय का. तुम्ही हो म्हणालात. मग विचारलं, इथे नवीन आहात का, आधी कधी दिसला नाहीत. तुम्ही हो म्हणालात. मग विचारलं, समोरच्या दुकानात चहा घ्याल का. कोमट."

"आणि मी..."

"हो म्हणालात. आणि गाडीत बसून निघून गेलात. बाबांनी घरी जाऊन ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली." ते म्हातारे गृहस्थ म्हणजे त्याचे बाबा. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण दिसायचं मात्र सगळं.

आत खुर्च्या गोलात मांडलेल्या, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतील अशा. मोठ्या खिडक्यांतून भरपूर उजेड. बरीच माणसं जमली होती. एक ठेंगण्या, चष्मेवाल्या बाई उठून माझ्यासमोर आल्या. त्यांनी हात चालवले आणि तो माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "मी इथे शिवण शिकवते."

मी दचकून त्याच्याकडे पाहिलं.

"मी नाही, त्या शिकवतात," तो हळूच म्हणाला. "दुभाष्या कधी 'त्या म्हणतात' असं म्हणत नाही. ज्याचं बोलणं, त्याचाच 'मी'. तुम्ही त्यांच्याकडे बघा. मी इथे नाहीच असं समजा."

तो तिथे नाही असं समजणं मला जरा जडच गेलं. पण मी प्रयत्न केला.

मी यंत्रांचं सांगितलं. बाईंनी शांतपणे एक कपाट उघडलं आणि कप्पा बाहेर ओढला. आत कानाची यंत्रंच यंत्रं. "हे साबणाच्या कंपनीने दिलेलं," त्याचा आवाज म्हणाला. "हे बँकेने. हे पुढच्या वर्षी त्याच बँकेने. तुमच्यासाठी खालचा कप्पा रिकामा केलाय."

"काहीच उपयोग होत नाही का?"

"ज्यांना थोडं ऐकू येतं, ज्यांचं नीट माप घेतात, सवय करून देतात, त्यांना होतो. मला जन्मापासून ऐकू येत नाही. हे लावलं की माझं डोकं दुखतं. फोटो मात्र छान येतो."

"मग तुम्हाला काय हवंय?"

बाईंनी चष्मा सारखा केला. हात हळू, ठाशीव चालले. "मला माझा मुलगा परत हवाय," तो म्हणाला आणि थांबला. घसा खाकरून पुढे म्हणाला, "म्हणजे मी. या माझ्या आई. आता पुन्हा मी नाही असं समजा."

आणि तो पुन्हा आईचा आवाज झाला. "ऐकू येतं आणि आमची भाषाही येते, असा या भागात हा एकटा. दवाखान्यात हा, बँकेत हा, पोलीस चौकीत हा. याला ताप आला तर आम्ही सगळे मुके. डॉक्टर माझं दुखणं आधी याला सांगतात. बाईमाणसाचं दुखणं मी पोटच्या मुलाच्या तोंडून का ऐकायचं? आम्हाला यंत्रं नकोत. माणसं शिकवा. दवाखान्यात बसतील अशी. मुली शिकवा. शिकवायला आम्ही आहोत."

त्याने एकही शब्द गाळला नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या.

मी निघताना बाईंनी माझ्याकडे बघत त्याला काहीतरी सांगितलं. खोलीभर सगळ्यांचे खांदे हसण्याने हलायला लागले. तो म्हणाला, "आई म्हणते, चहा घेऊन जा."

चहाला इतके हातवारे लागतात हे मला नवीन होतं. मी चहा घेतला.

खाली आलो तेव्हा पाऊस धरला होता. मायलेक तसेच रस्त्यावर उतरले, कोरडं राहायची काही धडपडच नाही. "छत्री नाही आणली?" मी विचारलं.

"छत्री धरली की एक हात गेला," तो म्हणाला. "म्हणजे अर्धं बोलणं गेलं. आम्ही भिजतो."

माझ्याकडे कंपनीची छत्री होती, वर पंपाचं चित्र असलेली, लग्नाच्या मांडवाएवढी. मी ती उघडून दोघांच्या मधोमध वर धरली आणि त्यांच्या मागून चालू लागले. ते दोघं कोपऱ्यापर्यंत बोलत राहिले. काय बोलले ते मला कळलं नाही. माझी पाठ आणि एक खांदा चिंब झाला. कोपऱ्यावर त्याने मागे वळून पाहिलं, माझ्या खांद्याकडे, मग वर छत्रीकडे, मग माझ्याकडे.

त्यानंतर मी केंद्रावर जात राहिले. आधी पाहणीसाठी, मग प्रस्तावासाठी, मग नुसतीच. संध्याकाळच्या वर्गात मी काकूंकडे, म्हणजे त्याच्या आईकडे, खुणांची भाषा शिकायला लागले. काकू कडक मास्तरीण होत्या. माझा हात चुकला की मनगटावर चापट. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोरच्यावरून नजर काढणं. या भाषेत बघणं म्हणजेच ऐकणं. खाली पाहिलं की तुम्ही कान बंद केलेत. मला लाजून खाली बघायची सोयच उरली नाही. तो समोर बसून सराव घ्यायचा आणि मला त्याच्याकडे बघत राहावंच लागायचं. अभ्यासाचाच भाग होता तो.

तिथे प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. त्याचं नाव म्हणजे गालावर टेकवलेलं बोट. काकूंनी मला नाव दिलं ते केसांत खोचलेल्या पेनाचं: बोट घ्यायचं आणि अंबाड्यात खुपसायचं. शिवाय या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे नाहीत, समोरच्याकडे बोट केलं की झालं. त्यामुळे तोंडाने आम्ही अजून अहो-जाहोत होतो, पण हातांनी केव्हाच 'तू'वर आलो होतो.

एकदा खिडकीत बसून सराव चालला असताना मी त्याला विचारलं, "लहानपणापासून दुभाष्याच का?"

"शाळेतल्या पालकसभेपासून. बाई म्हणायच्या, हा फार खोड्या करतो. मी आईला हातांनी सांगायचो, बाई म्हणतात हा फार हुशार आहे." तो हसला. मग म्हणाला, "पुढे एकदा डॉक्टरांनी आजोबांची बातमी आईला सांगायला मला सांगितली. लहान होतो. मी ती जरा सौम्य करून सांगितली. आईला वाटलं अजून वेळ आहे, आणि ती घरी गेली. परत दवाखान्यात पोचेपर्यंत... उशीर झाला. त्या दिवसापासून ठरवलं, लोकांचं बोलणं आपण बदलायचं नाही."

"आणि तुमचं स्वतःचं?"

"ते कुठलं? दिवसभर 'मी, मी' म्हणत असतो, पण त्यातला एकही मी नसतो. माझी पाळी येते तेव्हा शब्द संपलेले असतात." त्याचा फोन खिशात थरथरला. कुणालातरी बँकेत अडवलं होतं. तो उठला.

मला थोडंफार समजायला लागल्यावर मी काकूंना हातांनीच विचारलं, पहिल्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होतात? त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मला झेपेल अशा बेताने सावकाश सांगितलं: हीच का ती मान डोलावणारी? पोरगी गोड आहे. लग्न झालंय का विचार. झालं नसेल तर जेवायला बोलाव.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला. मी म्हणाले, "तुम्ही कुणाचाच शब्द बदलत नाही ना?"

"नाही."

"कधीच?"

तो एक पायरी उतरला, मग थांबला. "एकदाच."

"काय होतं ते?"

"विसरलो."

"काकूंना आठवतंय."

त्याच्या हातातल्या किल्ल्या दोन पायऱ्या खाली गेल्या. त्या उचलून वर यायला त्याने बराच वेळ घेतला. खळी लपवायची जागा त्या जिन्यात कुठेच नव्हती. "मग... आईला काय निरोप देऊ?"

"कशाचा?"

"जेवणाचा."

"जेवायला येते म्हणावं. मधल्या प्रश्नाचं उत्तर ज्याला हवंय त्याने स्वतः विचारावं. दुभाष्या चालणार नाही."

त्याने तोंड उघडलं. फोन थरथरला. आणि मग तो नेहमीसारखा कुणाच्यातरी दवाखान्यात निघून गेला. मी जेवून आले, एकदा नव्हे, अनेकदा. प्रश्न काही आला नाही.

इकडे प्रस्ताव मात्र पुढे सरकत होता. दुभाषे तयार करण्याचा वर्ग. शिकवणारे सगळे केंद्रातलेच, म्हणजे काकू आणि त्यांच्यासारखे, पगारी शिक्षक म्हणून. आणि शिकून तयार होतील त्यांना सरकारी दवाखान्यात नेमणूक. दवाखान्याकडून लेखी हमी मिळवायला मी किती वेळा गेले, ते तिथला पहारेकरीच जाणे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कार्यक्रमांच्या बॅनरना दोऱ्या बांधल्या होत्या. हे पहिलं काम माझं होतं. समितीने ते मंजूर केलं तेव्हा मी स्वच्छतागृहात जाऊन आरशासमोर दोन्ही हात हवेत हलवले. कर्णबधिरांच्या टाळ्या तशा असतात.

मग कराराचा मसुदा माझ्या टेबलावर आला. मुख्य प्रशिक्षक म्हणून तो. त्याचं मानधन माझ्या सहीने निघणार. त्याचं काम बरं की वाईट हे मी ठरवणार. मी ती ओळ वाचली, डबा तसाच झाकून ठेवला आणि मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, मला हितसंबंध जाहीर करायचे आहेत."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. आमच्याकडे हा शब्द कुणाच्या मेव्हण्याला कंत्राट मिळालं तर निघतो. "कुणाशी?"

"केंद्रातल्या दुभाष्याशी."

"नातेवाईक आहे?"

"नाही."

"भागीदारी?"

"अजून नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्याला माहीत आहे?"

"नाही. म्हणजे... मी सांगितलेलं नाही."

"म्हणजे सध्या एकतर्फी हितसंबंध." त्या हसल्या नाहीत, पण आवाजात काहीतरी हललं. "तुला कळतंय ना, प्रकल्प दुसऱ्याकडे द्यावा लागेल. तू उभं केलेलं काम. वर्षाअखेरीला बढतीच्या वेळी याच कामाकडे बघणार होते."

"कळतंय. पण उद्या कुणी म्हणालं की पंपवालीने आपल्या माणसाची सोय लावली, तर त्या सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल."

"पाण्यात तर आपला धंदाच आहे," मॅडम म्हणाल्या. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "बस. पाणी पी. केंद्राला कारण सांगावं लागेल, नाहीतर त्यांना वाटेल त्यांचंच काही चुकलं. करारावर सह्या करायला मीच येते. नाव घेणार नाही, काळजी करू नकोस."

बाहेर पडताना मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. माझं प्रेम हे आता कंपनीला माहीत होतं, आणि ज्याला कळायला हवं त्याला नव्हतं.

सह्यांच्या दिवशी केंद्र गच्च भरलं होतं. काकू इस्त्रीच्या साडीत पहिल्या रांगेत, शेजारी त्याचे बाबा. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या, तो त्यांच्या बाजूला. यंत्रं नाहीत, वर्ग होणार, शिक्षक तुम्हीच, हे त्याच्या हातांतून खोलीत गेलं आणि सगळे हात वर जाऊन पानांसारखे थरथरले. काकूंनी डोळे पुसले.

"एक बदल आहे," मॅडम म्हणाल्या. "हे काम जिने उभं केलं, ती आजपासून या प्रकल्पावर नसेल."

त्याचे हात चालले, पण डोळे माझ्याकडे वळले. खोलीतले सगळे डोळे वळले.

"तिचं काही चुकलेलं नाही आणि तुमचंही नाही. तिने स्वतः येऊन सांगितलं की या केंद्रातल्या एका व्यक्तीशी तिचे वैयक्तिक हितसंबंध आहेत."

तो 'वैयक्तिक'पर्यंत पोचला आणि थांबला. बहुधा नेमकी खूण शोधत असावा. दोनदा हात उचलले, दोनदा खाली आणले. शेवटी त्याने जे केलं त्यात काही पाल्हाळ नव्हतं: माझी खूण, केसांत खोचलेलं पेन, मग छातीवर ठेवलेला हात, मग 'इथलंच एक माणूस'.

खोलीभर भुवया वर गेल्या. या भाषेत प्रश्नचिन्ह भुवयांचं असतं. काकू उभ्या राहिल्या आणि एकच खूण केली.

"कोण?" त्याला म्हणावं लागलं. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता.

"ते मी सांगू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. त्याने तेही सांगितलं. काकूंनी मग माझ्याकडे बोट केलं: तू सांग.

मी उठले. इतक्या लोकांसमोर मी कधी हातांनी बोलले नव्हते, आणि जीभ तर त्या दिवशीसारखी बधिर झाली होती. पण नजर काढायची नाही, हे काकूंनीच शिकवलं होतं. मी त्याच्याकडे बघत हात उचलले. माझी वाक्यरचना चुकली असेल. मी गालावर बोट टेकवलं, त्याचं नाव. मग स्वतःकडे बोट. मग छातीवर हात. मग म्हणाले: तू विचारत नाहीस, म्हणून मीच सांगते.

बघणाऱ्यांना सगळं कळलं होतं. मॅडमना तेवढं कळलं नव्हतं. त्या त्याच्याकडे वळून वाट बघत राहिल्या, की आता हा बोलेल.

"मला..." त्याने सुरुवात केली. नियम पक्का होता. माझं बोलणं, म्हणून माझाच 'मी'. "मला हा..." तो थांबला. त्याने हात पुसले. मग मॅडमकडे वळून, अगदी शांत, अगदी स्वतःच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, माफ करा. इथून पुढे मला दुभाष्या म्हणून काम करता येणार नाही. माझेही हितसंबंध आहेत."

मॅडमनी मान डोलावली. "नोंद घेतली," त्या म्हणाल्या. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी दिव्याच्या बटणापाशी जाऊन सगळे दिवे उघडझाप करायला लागलं.

प्रकल्प माझ्या सहकाऱ्याकडे गेला. त्याने तो चांगला चालवला, हे मी जरा नाइलाजाने कबूल करते. बढती त्या वर्षी हुकली. माझ्याकडे कारखान्यातलं सांडपाणी झाडं लावून शुद्ध करायचं काम आलं आणि मी गाळ, वाळू आणि झाडांची मुळं यांच्याविषयी जेवताना बोलायला लागले. बाबा म्हणाले, यापेक्षा ते तुळशीपत्र बरं होतं. पण आई केंद्रात शिवण शिकायला जाते, आणि बाबा त्याच्या बाबांशी बुद्धिबळ खेळतात. तिथे दोघांनाही भाषा लागत नाही.

पहिली तुकडी तयार झाली आणि दवाखान्यात दोन मुली रुजू झाल्या. त्याच आठवड्यात काकूंची तपासणी होती. मी सोबत गेले, तोही आला. दारावर नाव पुकारलं गेलं तेव्हा सवयीने तो उठला. काकूंनी त्याच्या छातीवर तळवा ठेवून त्याला परत बाकावर बसवलं. नव्या मुलीने काकूंना नमस्कार केला आणि त्या दोघी आत गेल्या. दार लागलं.

तो दाराकडे बघत राहिला. "आत काय बोलत असतील?"

"तुला काय करायचंय?"

"ती मुलगी घाबरली तर? डॉक्टर भरभर बोलतात."

"तिला तुझ्या आईने शिकवलंय. घाबरली तर चापट खाईल."

तो हसला. त्याने खिशातून फोन काढून पाहिला. फोन गप्प होता. त्याने तो उलटा करून पाहिला, बिघडलाय की काय म्हणून. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं आणि त्या लांबलचक ओसरीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

"कुणाचंच काही सांगायचं नाहीये," तो नवलाने म्हणाला.

"मग?"

"मग..." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुझं लग्न झालंय का, हे विचारायचं राहिलंय."

"नाही झालं."

"करशील?"

"कुणाशी? वाक्य पूर्ण कर."

"माझ्याशी," तो म्हणाला. "म्हणजे खरंच माझ्याशी. हा 'मी' माझाच आहे."

मी मान डोलावली. त्याने माझे दोन्ही हात हातांत घेतले. त्याचे तळवे गरम होते.

दार उघडलं. काकू बाहेर आल्या, चेहरा टवटवीत. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. त्यांनी एकदा आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, एकदा आमच्या हातांकडे. काय झालं ते सांगा, त्यांनी खूण केली. आम्ही नुसतेच हसत राहिलो. मग त्यांनी डोळे बारीक करून बजावलं: हात सोडा की. बोलणार कसं?

आम्ही काही हात सोडले नाहीत.